पॅरिसच्या मागावर मराठीचे सूत

फ्रेंच भाषेचा उच्च अभ्यास हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने निवडला, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. विद्यापीठाची पदवी माझ्यापाशी नाही. पण ज्ञानाचा कच्चा माल कोण पुरवतो आणि पक्का माल कोणाच्या घरी जातो, हा प्रश्न गिरणीच्या फाटकावर उभे राहणाऱ्याला सुटत नाही.

नागपूरकरांना कापसाची गोष्ट सांगायला नको. वऱ्हाडचा कापूस विलायतेला जाई आणि कापड होऊन परत येई. 1877 साली जमशेटजी टाटांनी कापूस पिकतो त्या मुलखातच, आपल्या नागपुरात, एम्प्रेस मिल सुरू केली. ती गिरणी आज बंद आहे, पण तिच्यामागचा विचार ज्ञानालाही लागू पडतो.

आपल्याकडे फ्रेंच शिकण्याची हौस केवळ साहेबी थाटाची नव्हती. मंडालेच्या तुरुंगात, 1908 ते 1914 या काळात, लोकमान्य टिळकांनी पुस्तकांच्या साह्याने जर्मन आणि फ्रेंचचा अभ्यास केला. युरोपातले पांडित्य इंग्रजांच्या ओंजळीने न पिता मुळात वाचावे, ही ती ईर्ष्या होती.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये उलट दिशेने काम चालले होते. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठी कशी घडली यावर ग्रंथ रचला. तो 1920 साली प्रसिद्ध झाला. मोल्सवर्थचा कोश आणि जुने मराठी साहित्य समोर ठेवून त्याने आपल्या शब्दांची कुळी शोधली, आणि ग्रंथाला त्यांची भली मोठी व्युत्पत्तिसूची जोडली.

त्यातला एक नियम पाहा. संस्कृतातले जोडाक्षर प्राकृतात द्वित्त झाले. पुढे मराठीत ते द्वित्त सुटले आणि आधीचा स्वर लांबला. ‘कर्म’चे ‘कम्म’ आणि मग ‘काम’. ‘घर्म’चे ‘घम्म’ आणि मग ‘घाम’. ‘चर्म’चे ‘चम्म’ आणि मग ‘चाम’. काम, घाम आणि चाम! हे शब्द कोणा दरबाराने हुकूम काढून बदलले नाहीत. शेतावर, मागावर आणि चामड्याच्या कुंडापाशी राबणाऱ्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या घासून ते असे गुळगुळीत झाले. भाषेच्या इतिहासात श्रमिकांचे नाव कोठे लिहिलेले नसते, पण सही त्यांचीच असते.

हा माल मात्र पॅरिसच्या गोदामातच पडून राहिला असता. तो घरी आणला वासुदेव गोपाळ परांजपे यांनी. त्यांनी कात्यायनाच्या वार्तिकांवर स्वतः फ्रेंचमध्ये प्रबंध लिहिला होता. 1941 साली त्यांनी ब्लॉकचा ग्रंथ ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठीत उतरविला. त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले 1970 साली. म्हणजे इंग्रजीच्या एकोणतीस वर्षे आधी हा ग्रंथ मराठीत आला, आणि वाटेत दलाल नव्हता!

ना. गो. कालेलकर हे दुसरे उदाहरण. पॅरिसला शिकून आल्यावर त्यांनी बडोद्यास फ्रेंच शिकवले आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचे काम केले. पण लेखणी मराठीतच चालवली. त्यांच्या ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ या पुस्तकाला 1967 साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

आज फ्रेंच शिकणारी मुले पुष्कळ आहेत. कोणी गुणांसाठी शिकतो, कोणी नोकरीसाठी. पोटाची गरज मी कधी हिणवणार नाही. तिच्यासाठीच आयुष्यभर भांडत आलो आहे. परंतु जो त्या भाषेत वरच्या पायरीपर्यंत चढेल, त्याच्याकडे समाजाचे काही येणे निघते. त्या शिक्षणाच्या खर्चात, ज्याने फ्रेंचचे अक्षरही पाहिले नाही, त्याचाही घाम असतो. त्याला वाचता येईल असे एक तरी पुस्तक मराठीत द्यावे, एवढी मजुरी मागण्याचा त्याला हक्क आहे.