प्रश्न एकच, पण मोजपट्टी?

र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना उघड उत्तरं दिली. पण पत्र तोच लिहिणार, ज्याला लिहिता येतं. बाकीच्या महाराष्ट्राचं काय? त्यासाठी सर्व्हे लागतो. आणि सर्व्हे म्हटला की प्रश्न येतो : लोक खरं सांगतात का? त्याहून अवघड प्रश्न : सगळे गट सारखंच खरं सांगतात का?

एड्समुळे हा प्रश्न टाळता येईना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने १९९८-९९ मध्ये फक्त विवाहित (किंवा कधीकाळी विवाहित) बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. २००५-०६ मध्ये पुरुष आणि अविवाहित मुलीही आल्या, शिवाय लैंगिक वर्तनाचे प्रश्नही.

त्याच सुमारास पुण्यात एक झकास प्रयोग झाला. रूपा पोतदार आणि मायकेल कोनिग यांनी तरुण मुलग्यांचे दोन गट घेतले, एक कॉलेजातला, एक झोपडपट्टीतला. काहींना माणसाने समोर बसून प्रश्न विचारले, काहींना हेडफोन लावून कॉम्प्युटरने. निष्कर्ष २००५ मध्ये आले. कॉलेजच्या मुलांनी कॉम्प्युटरला जास्त मोकळेपणाने सांगितलं, झोपडपट्टीतल्या मुलांमध्ये मात्र तसा फायदा दिसला नाही. म्हणजे नुसता कॉम्प्युटर वापरून ‘कॉलेजची मुलं जास्त बिघडलेली’ असं कोणी म्हटलं, तर तो फरक मुलांचा की यंत्राचा? आपल्या भाषेत, बग डेटात नाही, इनपुटमध्ये आहे.

२००६-०७ च्या युवा सर्वेक्षणात महाराष्ट्रासह सहा राज्यं होती. तिथे मुलाखतीच्या शेवटी एक चिठ्ठी दिली जायची : लग्नापूर्वी संबंध आले का, हो की नाही? चिठ्ठी पाकिटात घालून पाकीट चिकटवायचं. तोंडी ‘नाही’ म्हणणाऱ्या काहींनी चिठ्ठीवर ‘हो’ लिहिलं!

पण पाकिटाने लाज झाकते, शब्दाचा अर्थ बदलत नाही. भिवपुरीचंच बघा. एकीकडे इंजिनिअरिंगची पोरं, दुसरीकडे डोंगराच्या पायथ्याशी ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. काही कातकरी जोडपी आधी संसार थाटतात, खर्चाचा विधी पैसे जमले की. त्यांना ‘लग्नापूर्वी’ विचारलं तर नेमकं कशापूर्वी?

यावर शैक्षणिक परीक्षांतून आलेली एक चाचणी आहे. एकूण प्रश्नावलीत सारखे गुण असलेली दोन गटांतली माणसं घ्यायची आणि एकाच प्रश्नाची उत्तरं ताडून पाहायची. तिथे मोठी तफावत आली, तर तो प्रश्न दोघांसाठी एकच नाही. अर्थात सगळेच प्रश्न एका बाजूला कललेले असतील, तर ही चाचणीही फसते. मग वाडीत जाऊन शब्दांचे अर्थ विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

हे नुसतं स्टॅटिस्टिक्स नव्हे मंडळी. असल्या आकड्यांवर दवाखाने, निधी ठरतो आणि एखाद्या वस्तीला कायमचं लेबल लागतं. तेव्हा पेपरात ‘अमुक टक्के तरुण...’ अशी बातमी दिसली, की आधी विचारा : कोणाला विचारलं, कसं विचारलं, आणि त्यांना काय ऐकू आलं?