नाव ठेवणे, नावे ठेवणे

आपल्या मराठीत दोन अर्थ अगदी शेजारी नांदतात. बारशाला आपण मुलाला नाव ठेवतो आणि तेच मूल पुढे मनासारखे वागले नाही की त्याला नावे ठेवतो. आईच्या गरोदरपणात तिच्या पिण्यात आलेल्या दारूचा परिणाम घेऊन जी मुले जन्मतात, त्यांच्या वाट्याला नावे ठेवणे आधी आले. त्यांच्या दुखण्याला नाव मिळायला मात्र १९७३ साल उजाडावे लागले.

धोका कुणाला दिसलाच नव्हता, असे नाही. अठराव्या शतकात लंडनमध्ये जिन ही स्वस्त दारू घरोघर शिरली, तेव्हा १७२६ साली तेथील वैद्यांच्या महाविद्यालयाने पार्लमेंटकडे तक्रार केली, की या दारूपायी दुबळी आणि रोगट मुले जन्माला येत आहेत. अशी मुले देशाचे बळ न होता भार होतील, ही त्यांची काळजी होती. त्या मुलांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

१८९९ साली लिव्हरपूलच्या तुरुंगातील डॉक्टर विल्यम सलिव्हन यांनी मद्यासक्त १२० स्त्रियांच्या ६०० मुलांची नोंद तपासली. निम्म्याहून अधिक मुले मृत जन्मली होती किंवा दोन वर्षांच्या आत दगावली होती. त्याच स्त्रियांच्या न पिणाऱ्या नातलग बायकांत हे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते. सलिव्हन यांनी आणखी एक गोष्ट टिपली. आधीची मुले गमावलेल्या आईला गरोदरपणी तुरुंगवास घडला आणि दारू सुटली, तर तिला धडधाकट मूल होऊ शकत होते.

पुढे १९३३ साली अमेरिकेतील दारूबंदी उठली आणि असली निरीक्षणे बंदीवाल्यांचा प्रचार म्हणून बाजूला पडली. इतकी, की १९६० नंतरच्या काळात मुदतीआधी आलेल्या कळा थांबवण्यासाठी डॉक्टर स्वतःच गरोदर स्त्रीला शिरेतून अल्कोहोल देत. १९६८ साली फ्रान्समधील नांत शहरात पॉल लमवान यांनी अशा १२७ मुलांची लक्षणे मांडली, पण त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. अखेर १९७३ साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे केनेथ जोन्स, डेव्हिड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी आठ मुलांमधील सारखेपणा दाखवला: खुंटलेली वाढ, लहान डोके, आखूड डोळे, पातळ वरचा ओठ. त्याच वर्षी नाव ठरले, फीटल अल्कोहोल सिंड्रोम.

आज आपल्याला कळते, की चेहऱ्यावरची ही खूण बहुतेक मुलांत दिसतच नाही. इजा असते ती मेंदूत. मूल बोलते गोड, दिसते चारचौघांसारखे. पण ‘दप्तर भर, डबा घे, चपला घाल आणि खाली ये’ असे एका दमात सांगितले, तर पहिले काम करून ते तिथेच उभे राहते. काल पाठ असलेले आज आठवत नाही. वेळ, पैसा, उद्या, परवा हे हाती लागत नाही. केलेल्या कृतीचा आणि मिळालेल्या शिक्षेचा संबंध जुळत नाही, म्हणून मारूनही फरक पडत नाही. आपण म्हणतो, ऐकत नाही. खरे तर त्याला जमत नसते.

सिअ‍ॅटलच्याच मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन स्ट्रायसगुथ यांनी ४१५ जणांच्या आयुष्याचा मागोवा घेऊन १९९६ साली अहवाल दिला. शाळा सुटणे, पोलिसांचे लचांड, व्यसन अशा संकटांतून कोण अधिक वाचले? ज्यांना स्थिर, मायेचे घर मिळाले आणि ज्यांचे निदान सहा वर्षांच्या आत झाले, ते. मेंदूची इजा पुसता येत नाही. पण तिच्यापायी ओढवणारी पुढची दैना बरीचशी टाळता येते.

त्यासाठी लागते ते साधेच. एका वेळी एकच सूचना, थोड्या शब्दांत. रोजचा क्रम तोच, आणि तो चित्रांतून भिंतीवर. बदल होणार असेल तर आधी कल्पना. गोंगाट कमी. विसरले तर न चिडता पुन्हा सांगणे. प्रत्येक चंचल मूल असे नसते, निदान डॉक्टरांनीच करायचे. पण समजूतदारपणाला निदानाची वाट पाहावी लागत नाही.

आणि आई? दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात द्राक्षमळ्यांवरील मजुरांना मजुरीचा काही भाग दारूच्या रूपात देण्याची ‘डॉप’ पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. तेथे अशा मुलांचे प्रमाण जगातील सर्वाधिक नोंदींपैकी आहे. यात दोष एकट्या आईचा कसा धरायचा? अमेरिकेत १९८९ पासून बाटलीवर गर्भवतींसाठी इशारा छापतात. आपल्याकडे २०१९ साली लागू झालेल्या इशाऱ्यात आरोग्य होते, वाहन चालवणे होते. पोटातले बाळ नव्हते.

गरोदरपणात दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित ठरलेले नाही, हे प्रत्येक घरात सांगायला हवे. पण ते दटावून सांगितले, तर बाई खरे बोलणार नाही. आणि ती खरे बोलली नाही, तर मुलाचे निदान वेळेवर होणार नाही. आईला ठेवलेली नावे अशी मुलाला भोवतात. म्हणून दवाखान्यात हा प्रश्न सर्वांनाच विचारावा, आणि साध्या आवाजात विचारावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)