डॅशबोर्डमधली १८० × ५० मिलिमीटरची जागा : जुन्या गाडीत नवे यंत्र बसवण्याचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/
२०२० साली पोर्शे कंपनीने एक नवा कार रेडिओ विक्रीस आणला. तो नव्या गाडीसाठी नव्हता. १९६० च्या दशकातल्या ९११ पासून १९९० च्या दशकातल्या ९११ पर्यंतच्या जुन्या गाड्यांसाठी तो होता. दोन बटणे, मध्ये इवलासा पडदा, रूप जुन्या रेडिओसारखेच. पण त्याला आयफोन जोडला की पडद्यावर नकाशा उमटतो.

२/
पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीत आजचा फोन इतक्या सहजपणे कसा सामावतो? उत्तर डॅशबोर्डमधल्या एका आयताकृती जागेत आहे. ही जागा कशी निर्माण झाली, तिने सामान्य गाडीमालकाच्या हाती कोणता अधिकार दिला आणि तो अधिकार आज का आक्रसत चालला आहे, याचा हा धागा.

३/
मूळ प्रश्न दोन आयुर्मानांचा आहे. गाडी नीट सांभाळली तर वीस-पंचवीस वर्षे चालते. संगीत आणि संदेश वाहणारी साधने मात्र दर काही वर्षांनी बदलतात. त्यामुळे गाडीचे इंजिन धडधाकट असतानाच तिचा रेडिओ कालबाह्य ठरतो. हा पेच स्मार्टफोनने निर्माण केलेला नाही. तो जवळपास शंभर वर्षांचा आहे.

४/
जून १९३०. अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन भरले होते. शिकागोचे पॉल गॅल्विन तेथे स्वतःच्या स्टुडबेकर गाडीतून पोहोचले. अधिवेशनात दालन घेण्याइतके पैसे त्यांच्यापाशी नव्हते. त्यांनी गाडी बाहेर उभी केली, आत बसवलेल्या रेडिओचा आवाज वाढवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो ऐकवला. मागण्या मिळाल्या.

५/
गाडीत रेडिओ बसवण्याचे प्रयोग त्यापूर्वीही झाले होते, पण ते महागडे व तुरळक होते. गॅल्विन यांचा रेडिओ साधारण ११० ते १३० डॉलरांना मिळे. मोटार आणि त्या काळच्या ‘व्हिक्ट्रोला’ ग्रामोफोनच्या नावातला ‘ओला’ हा प्रत्यय जोडून त्यांनी नाव ठेवले ‘मोटोरोला’. कारखान्यातून रेडिओविना बाहेर पडलेल्या गाडीत तो मागाहून बसवायचा असे. म्हणजे कार रेडिओ हा जन्मतःच ‘मागाहून बसवलेला’ आहे.

६/
हे काम सोपे नव्हते. व्हॉल्व्हच्या रेडिओला उच्च दाबाची वीज लागे आणि गाडीची बॅटरी तेव्हा बहुधा ६ व्होल्टची असे. म्हणून रेडिओसाठी वेगळ्या बॅटऱ्या ठेवाव्या लागत. इंजिनातील स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी ही स्वतःच एक छोटी रेडिओलहर असते. ती ध्वनिक्षेपकातून खरखर बनून बाहेर पडे. ती शमवण्यासाठी इंजिनाच्या वायरिंगमध्ये रोधक व कॅपॅसिटर घालावे लागत. अँटेना छताच्या अस्तरात किंवा गाडीच्या पोटाखाली ताणली जाई.

७/
आक्षेपही लगोलग आले. गाडीतल्या संगीताने चालकाचे लक्ष विचलित होईल, त्याला झोप लागेल, म्हणून चालत्या गाडीतील रेडिओवर बंदी घालावी, असे प्रस्ताव अमेरिकेत त्याच काळात मांडले गेले. आज फोनविषयी जी चिंता व्यक्त होते, तिचा पूर्वज हाच.

८/
येथे इतिहासाचा एक सुंदर धागा गुंफला जातो. गॅल्विन यांच्या कंपनीने १९४७ मध्ये आपल्या कार रेडिओचेच नाव धारण केले. त्याच मोटोरोलाचे अभियंते मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातात धरण्याच्या मोबाइल फोनवरून पहिला कॉल केला. फोन आणि गाडी यांचे नाते अलीकडचे वाटते. वस्तुतः फोनच्या त्या आद्य कंपनीचे नावच गाडीवरून पडलेले आहे.

९/
आता गाडी-उत्पादकांची बाजू पाहू. १९५६ च्या गाड्यांसाठी क्रायस्लरने ‘हायवे हाय-फाय’ नावाचा चक्क ग्रामोफोन आणला. तबकडी मिनिटाला १६⅔ फेरे या संथ गतीने फिरे. पण या तबकड्या खास त्या यंत्रासाठीच बनवलेल्या होत्या. घरच्या तबकड्या गाडीत चालत नसत. गाण्यांची निवड तोकडी राहिली आणि काही वर्षांतच हे यंत्र विस्मृतीत गेले.

१०/
कॅसेटची कथा नेमकी उलट. फिलिप्सने १९६३ मध्ये ती आणली आणि इतर उत्पादकांना तिचे तंत्र विनाशुल्क वापरू दिले. त्यामुळे एकच कॅसेट घरातल्या, खिशातल्या आणि गाडीतल्या यंत्रात चालू लागली. तंत्र सर्वांस खुले असेल तर ते टिकते, बंदिस्त असेल तर बहुधा मालकासह बुडते. पुढील साऱ्या कथेत हे सूत्र पुन्हा पुन्हा दिसेल.

११/
तरीही एक अडचण उरली होती : जागा. प्रत्येक उत्पादकाच्या डॅशबोर्डची घडण वेगळी. कुठे दोन खुंट्यांसाठी दोन भोके, मध्ये एक फट. कुठे आणखी काही. नवा डेक बसवायचा म्हणजे पत्रा कापणे आले. यावर तोडगा काढला जर्मनीच्या ‘डिन’ या मानक संस्थेने. डिन ७५४९० या मानकाने रेडिओच्या तोंडाचे माप निश्चित केले : सुमारे १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच. १९८४ मध्ये हेच माप आयएसओ ७७३६ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय झाले.

१२/
पुढे दुप्पट उंचीची, म्हणजे १०० मिलिमीटरची, ‘डबल डिन’ जागाही रूढ झाली. आयएसओ १०४८७ या मानकाने रेडिओमागच्या वीजजोडणीचा आणि स्पीकरच्या जोडणीचा खटका ठरवून दिला. अमेरिकी जनरल मोटर्ससारख्यांनी आपली निराळी मापे बरीच वर्षे जपली. पण त्यांच्यासाठी जोडचौकटी बनवणारे व्यवसाय उभे राहिले. आता एका कंपनीचा रेडिओ काढून दुसऱ्या कंपनीचा बसवणे हे तासाभराचे काम झाले.

१३/
या आयताचे ऐतिहासिक महत्त्व ध्यानात घ्या. गाडीचा निर्माता गाडी विकून मोकळा होई. पण तिच्या छातीत एक जागा अशी राही, जिच्यावर त्याची सत्ता नसे. तिथे काय बसवायचे हे मालक ठरवी. रेडिओ गेला, कॅसेट आली. कॅसेट गेली, सीडी आली. सीडी गेली, यूएसबी आली. गाडी मात्र तीच.

१४/
भारतात या जागेचे मोल अधिकच होते. इथे गाड्यांचे साचे दशकानुदशके बदलत नसत. अँबॅसिडर १९५७ पासून २०१४ पर्यंत निघत राहिली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट पुढे ‘पद्मिनी’ झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घराघरांत पोहोचली. मारुती ८०० आली ती १९८३ च्या डिसेंबरात; तिच्याही साध्या मॉडेलमध्ये स्टीरिओ नसे. गाडी घरी आली की पेढे वाटायचे आणि मग बाजारात जाऊन ‘डेक बसवून’ घ्यायचा, हा मध्यमवर्गीय घरांतला जणू दुसरा मुहूर्तच होता.

१५/
त्याआधी तर रेडिओ बाळगायलाही परवाना लागे. त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यास संपली. २००१ मध्ये खासगी एफएम केंद्रे सुरू झाली, तेव्हा केवळ मीडियम वेव्ह पकडणारे जुने संच त्यांच्यापुरते मुके ठरले आणि बदलले गेले. राज्याचे धोरण आणि डॅशबोर्डमधला खड्डा यांचा संबंध असा थेट असतो.

१६/
ज्यांना डेक बदलणे परवडत नव्हते, त्यांनी वेगळीच युक्ती शोधली : कॅसेटच्या आकाराचा ॲडॅप्टर. त्यात फीत नसते. फीत फिरत असल्याचा डेकला भास व्हावा म्हणून आत दातेरी चाके असतात आणि फितीच्या जागी एक लहानसे चुंबकीय डोके. बाहेरच्या यंत्रातील ध्वनी त्या डोक्यात बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. डेकचे डोके ते वाचते आणि आपण फीतच वाजवत आहोत असे समजते. सीडीसाठी लोकप्रिय झालेली ही युक्ती पुढे आयपॉड आणि फोनलाही तशीच लागू पडली.

१७/
दुसरी युक्ती सिगारेट लायटरची. तो होता विडीकाडीसाठी, पण त्यात १२ व्होल्टची वीज आयती मिळे. कालौघात सिगारेट गेली आणि तो गाडीतला सार्वत्रिक प्लग झाला. फोनचा चार्जर त्यातच, इवलासा एफएम ट्रान्समीटरही त्यातच : फोनमधले गाणे ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमधल्या एखाद्या मोकळ्या लहरीवर सोडायचे आणि गाडीच्या रेडिओने ते ‘केंद्र’ म्हणून पकडायचे. गाडीपुरती आकाशवाणी!

१८/
उत्पादक या प्रवाहात उशिरा उतरले. आयपॉड २००१ चा. बीएमडब्ल्यूने त्याला गाडीशी जोडणारा ॲडॅप्टर दिला तो २००४ मध्ये. पुढे ॲपलचे कारप्ले २०१४ मध्ये आणि गूगलचे अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये आले. यांची मेख अशी की, नकाशा, गाणी, संदेश हे सारे काम फोन करतो. गाडीतला पडदा केवळ ते दाखवतो आणि बोटाचा स्पर्श फोनला कळवतो. फोन बदलला की पडदाही जणू नवा होतो. दोन आयुर्मानांच्या पेचावर आजवर निघालेला हा सर्वांत चतुर तोडगा म्हणावा लागेल.

१९/
आणि अँड्रॉइड ऑटो प्रथम कुठे पोहोचले? मार्च २०१५ मध्ये अँड्रॉइड ऑटो आले ते पायोनियर कंपनीच्या बाजारातून विकत घेऊन बसवायच्या डबल डिन संचांत. कारखान्यातूनच ही सोय घेऊन येणारी पहिली गाडी, ह्युंदाई सोनाटा, त्यानंतर काही आठवड्यांनी आली. म्हणजे पंधरा वर्षे जुन्या गाडीचा मालकही नव्या गाडीच्या ग्राहकाआधी ही सोय घेऊ शकत होता. १९३० चीच पुनरावृत्ती.

२०/
पण एव्हाना ती जागा बुजू लागली होती. २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सीरीजमध्ये ‘आयड्राइव्ह’ आले : पडदा वेगळा, नियंत्रणाचे चाक वेगळे, ध्वनियंत्रणा प्रकाशतंतूंच्या जाळ्यात गुंफलेली. रेडिओ ही आता सुटी वस्तू राहिली नाही. २०१८ च्या मे महिन्यापासून अमेरिकेत नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला, म्हणजे पडदाही अटळ झाला. वातानुकूलन, कॅमेरा, गाडीच्या सेटिंग्ज, सारेच त्याच पडद्यात. तो काढला तर निम्मी गाडी आंधळी होते.

२१/
याचे परिणाम दिसू लागले आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेतील थ्रीजी जाळी बंद झाली, तेव्हा अनेक धडधाकट गाड्यांतील आपत्कालीन कॉलची सोय बंद पडली. त्यांच्या पोटातील मोडेम थ्रीजीचा होता आणि तो बदलण्याची सोपी वाट मालकाकडे नव्हती. २०२३ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या आगामी विद्युत गाड्यांतून कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो वगळण्याचे जाहीर केले. ‘हायवे हाय-फाय’ आठवतो ना?

२२/
जुन्या गाड्या जपणाऱ्यांपुढे मात्र वेगळा प्रश्न आहे : नवे बसवताना जुने किती मोडायचे? १९७०-८० च्या दशकांत डेकसाठी कापलेले डॅशबोर्ड आज परत जोडता येत नाहीत. म्हणून आता मूळ रेडिओचे कवच व बटणे तशीच ठेवून आतला भाग बदलतात, किंवा नवे यंत्र हातमोजांच्या कप्प्यात लपवतात. जुन्या ब्रिटिश गाड्यांत तर बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. आधी ते न तपासता आजचा स्टीरिओ लावला की तो जळालाच म्हणून समजा. जे बसवू ते उद्या निमूटपणे काढता आले पाहिजे, हा या क्षेत्रातला अलिखित नियम. पुराभिलेखांच्या जतनाचाही नियम हाच नव्हे काय?

२३/
इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या ग्रंथात एक आग्रह धरला आहे : तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ शोधांच्या तारखांनी लिहू नये, वापराचा, दुरुस्तीचा, जोडकामाचाही लिहावा. त्या दृष्टीने एखाद्या जुन्या गाडीचा डॅशबोर्ड हा दस्तऐवज आहे. रेडिओची जुनी भोके, त्यावर बसवलेली पट्टी, लायटरमधून लोंबणारी वायर, काचेला चिकटवलेला फोनचा स्टँड : प्रत्येक थरावर त्याच्या काळाची मुद्रा आहे.

२४/
यंत्र ‘जुने’ कधी होते, हे कोण ठरवणार? जवळपास नव्वद वर्षे त्या निर्णयात मालकाचा आणि कोपऱ्यावरच्या डेकवाल्याचाही वाटा होता, कारण मागाहून काही बसवायला त्यांना गाडीत जागा मिळत होती आणि पुढे तर एका मानकाने ती आखूनच दिली होती. ती बुजली की हा निर्णय एकट्या उत्पादकाच्या हाती जातो. आजच्या गाड्यांचे डॅशबोर्ड उद्याच्या अभ्यासकाला एकच थर दाखवतील : कारखान्याचा.

२५/
मित्रहो, घरात किंवा वाड्याच्या मागे एखादी जुनी गाडी उभी असेल तर तिचा डॅशबोर्ड एकदा निरखून पाहा. किती थर सापडतात आणि ते कोणी, कधी बसवले, हे घरातल्या थोरामोठ्यांना विचारून खाली जरूर लिहा. अशा नोंदींतूनच हा इतिहास लिहिला जाईल.

धागा समाप्त. 🙏