कुलवृत्तान्तात न मावलेले गणगोत

चित्तपावन ज्ञातीत कुलवृत्तान्ताचे जेवढे कौतुक आहे तेवढे दुसऱ्या कोणत्या ग्रंथाचे क्वचितच असेल. मूळ पुरुष कोण, गाव कोणते, गोत्र कोणते, कोणत्या शाखेने घाट ओलांडला आणि कोणती शाखा कोकणातच राहिली, याची टिपणे आपल्या वाडवडिलांनी कष्टाने जमविली. घरातील मंगलकार्यात दोन वृद्ध भेटले म्हणजे त्या पोथीची पाने उलटतात आणि अनोळखी माणसे घटकाभरात भाऊबंद होतात. या परंपरेविषयी आम्हांस आदर आहे. परंतु तिच्यात एक न्यून आहे आणि ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो आहोत. कुलवृत्तान्तात वंश पित्याकडून पुत्राकडे चालतो. ज्याला पुत्र नाही त्याची शाखा तेथेच खुंटते. सासरी गेलेल्या मुलीची वेल दुसऱ्याच्या मांडवावर चढते. आणि बालपणी विधवा झालेल्या मुलीस तर धड कोणताच मांडव उरत नाही. एवढ्यावरून माणसाचा वारसा मोजावा काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. आपल्याच ज्ञातीतील भारतरत्न महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे घर आपण न्याहाळावे. त्यांच्या संस्थांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. आम्हांस येथे त्या संस्थांच्या मुळाशी असलेली माणसे आणि त्या माणसांमधील स्नेह पाहावयाचा आहे.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे, आजोळी झाला. गाव दापोलीजवळचे मुरुड. घरची गरिबी होती आणि विद्येची ओढ मोठी होती. सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी हा मुलगा कुंभार्ली घाटाच्या वाटेने पायी साताऱ्यास गेला. तेथे परीक्षकांनी त्याला वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठविले, ही कथा सर्वश्रुत आहे. पुढे मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून १८८४ साली ते गणित विषय घेऊन पदवीधर झाले. या विद्यार्थिदशेत त्यांस एक मित्र लाभला. देवरुखचे नरहरपंत जोशी हे त्यांचे नाव. दोघांचे बिऱ्हाड एकत्र, खर्च एकत्र आणि मनेही एकत्र. पुढील सर्व कथेचे बीज या बिऱ्हाडात आहे, म्हणून वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

नरहरपंतांची बहीण गोदूबाई. आठव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि काही महिन्यांतच तिला वैधव्य आले. सासरी राबण्यात तिची कितीतरी वर्षे गेली. पुढे ती भावाकडे मुंबईस आली आणि त्या एकत्र बिऱ्हाडात राहू लागली. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तेथील अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. विधवा बहिणीस शाळेत घालण्यास त्या काळी भावाच्या ठिकाणी मोठे धैर्य लागत असे. नरहरपंतांनी ते दाखविले आणि मित्राने त्यांस बळ दिले.

१८९१ साली अण्णासाहेबांच्या प्रथम पत्नी राधाबाई निवर्तल्या. मागे लहान रघुनाथ उरला. त्याच वर्षी गोपाळराव गोखले यांच्या बोलावण्यावरून अण्णासाहेब पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले. पुन्हा विवाह करावयाचा तर विधवेशीच, हा त्यांचा निश्चय होता. शारदा सदनही तोवर पुण्यास आले होते. मित्राची बहीण, तिची हुशारी आणि तिचे दुःख, दोन्ही त्यांनी जवळून पाहिलेली. गोदूबाईंच्या पित्याची व बंधूंची संमती मिळाली आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. जग त्यांस बाया कर्वे म्हणून ओळखू लागले.

आता जे सांगावयाचे ते सांगताना लेखणी अडखळते; परंतु ज्ञातीच्या स्मरणिकेत ते सांगितले नाही तर अन्यत्र सांगून उपयोग काय? या विवाहाची वार्ता पोहोचताच मुरुडास सभा भरली आणि कर्व्यांवर बहिष्काराचा ठराव झाला. त्यांना घरात घेतील तर त्यांचे बंधूही वाळीत पडतील, असा तो ठराव होता. ज्या गावाच्या शिक्षणासाठी अण्णासाहेबांनी मुंबईच्या अल्प मिळकतीत ‘मुरुड फंड’ उभा केला होता, त्याच गावात त्यांस सख्ख्या भावाचा उंबरठा बंद झाला. वृद्ध मातेला पुत्राशी मोकळेपणी वागण्याची चोरी झाली. हा ठराव करणारे लोक परके नव्हते. ते आपलेच पूर्वज होते, आपल्याच कुलवृत्तान्तांतील सन्मान्य नावे होती. आज आपण सभागृहांत महर्षींची तसबीर लावतो आणि पुष्पहार घालतो. तो हार घालताना ज्ञातीने प्रथम त्यांस काय दिले होते याचेही स्मरण असावे, असे आम्हांस वाटते.

अण्णासाहेबांनी या बहिष्काराचा सूड घेतला नाही. ज्या समाजाने दार लावले, त्याच समाजाच्या टाकून दिलेल्या मुलींसाठी त्यांनी दार उघडले. १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली. १९०० साली, पुण्यात प्लेगाचा कहर असताना, तो आश्रम हिंगण्याच्या माळरानावर एका झोपडीत गेला. अण्णासाहेब दिवसभर कॉलेजात शिकवीत आणि नंतर आश्रमास लागणारे सामान घेऊन कित्येक मैलांची ती वाट पायी तुडवीत. ते माळरान आज कर्वेनगर म्हणून गजबजले आहे.

या थोर कार्याचा भार घरात कोणी सोसला, हेही पाहिले पाहिजे. अण्णासाहेबांनी आपल्या विम्याची रक्कमही आश्रमाच्या नावे केली, तेव्हा उद्या मुलांचे काय होईल ही चिंता बायांना वाटली. आणि कोणत्या मातेस ती वाटली नसती? त्याहून मोठी वेदना निराळीच होती. विधवा मुलींच्या पालकांचा विश्वास राहावा म्हणून आश्रमास पुनर्विवाहाच्या चळवळीपासून अलग ठेवणे भाग होते. त्यामुळे ज्या बायांच्या जीवनातून या आश्रमाची प्रेरणा निर्माण झाली, त्या बायांनाच पुनर्विवाहिता म्हणून तेथे कित्येक वर्षे मोकळेपणाने स्थान मिळाले नाही. हे शल्य त्यांच्या मनात राहिले. तरीही त्यांनी प्रसूतिकर्माचे शिक्षण घेतले, घर चालविले, आल्यागेल्या निराधार स्त्रियांना आसरा दिला आणि पुढे संस्थेसाठी लोकांकडे हातही पसरला. १९४४ साली त्यांचे ‘माझे पुराण’ प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकाचे संपादन त्यांच्या सूनबाई कावेरीबाईंनी केले. सासूची कहाणी सुनेने जगापुढे आणावी, हा योग आपल्या घराघरांत विचार करण्यासारखा आहे.

बायांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. विसाव्या वर्षाच्या सुमारास त्या विधवा झाल्या. पदरी एक मुलगा होता. थोरल्या बहिणीने पुनर्विवाह केला. धाकटीने तो मार्ग पत्करला नाही. मते भिन्न असूनही प्रेम अभंग राहिले. पार्वतीबाई १९०२ साली आश्रमात दाखल झाल्या आणि तेथील व्यवस्थेचा आधारस्तंभ बनल्या. आश्रमासाठी गावोगाव वर्गणी जमविताना त्यांनी सर्व अपमान झेलले. केशवपनाची रूढी त्यांनी १९१२ साली स्वतःपुरती मोडली. पन्नाशीकडे झुकलेल्या वयात, इंग्रजीचे ज्ञान बेताचे असताना, १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे घरकाम करून त्यांनी भाषा आत्मसात केली आणि आश्रमासाठी निधी मिळविला. ‘माझी कहाणी’ या त्यांच्या आत्मचरित्रात हे सर्व आले आहे. दोन भिन्न मतांच्या बहिणींनी एकाच कार्याचे दोन खांब व्हावे, ही किमया केवळ तत्त्वाने साधत नाही. तिला मायेची ओल लागते.

आता पुढची पिढी पाहू. थोरले चिरंजीव रघुनाथराव (१८८२–१९५३) यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या मतांपायी १९२५ साली त्यांची प्राध्यापकी गेली. १९२७ च्या जुलैपासून मृत्यूपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पदरमोड करून चालविले. खटले झाले, दंड झाले, नामांकितांनी नाके मुरडली. पत्नी मालतीबाई अखेरपर्यंत पाठीशी उभ्या राहिल्या. या दांपत्याने विचारपूर्वक संतती होऊ दिली नाही. कुलवृत्तान्ताच्या हिशेबाने ही शाखा खुंटली. परंतु त्यांनी एकाकी मांडलेला विचार आज किती घरांत सहज आचरला जातो, याची गणती कोण करील?

दुसरे पुत्र डॉक्टर शंकरराव यांनी आफ्रिकेत वैद्यकी केली. भास्करराव व कावेरीबाई यांनी हिंगण्याच्या संस्थेस आयुष्य वाहिले. दिनकरराव फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांच्या पत्नी इरावतीबाई म्हणजे ‘युगान्त’ या ग्रंथाच्या लेखिका, विख्यात मानववंशशास्त्रज्ञ. त्यांच्या या घरात येण्यामागेही ऋणानुबंधाची एक साखळीच आहे. अण्णासाहेबांच्या आप्तांत रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे नावाचा एक बुद्धिमान मुलगा होता. त्याच्या शिक्षणाची काळजी अण्णासाहेबांनी वाहिली. १८९९ साली हाच मुलगा केंब्रिजचा सीनिअर रँग्लर झाला. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. ब्रह्मदेशात जन्मलेली इरावती सातव्या वर्षाच्या सुमारास शिक्षणासाठी पुण्यास आली, तेव्हा परांजप्यांच्या घराने तिला मुलीसारखे सांभाळले. तीच पुढे अण्णासाहेबांची सून झाली. तिला उच्च शिक्षणासाठी जर्मनीस पाठविण्याचा बेत ठरला, तेव्हा खुद्द अण्णासाहेबांस तो रुचला नव्हता. परंतु दिनकरराव पत्नीच्या बाजूने ठाम राहिले. थोर पुरुषाच्या घरातही प्रेमाला कधी वडिलांच्या इच्छेपलीकडे जावे लागते. आणि रँग्लरांच्या कन्या शकुंतलाबाई परांजपे पुढे संततिनियमनाच्या कार्यात रघुनाथरावांच्या सहकारी झाल्या. एका गरीब आप्ताच्या मुलास दिलेला आधार असा दोन पिढ्यांनी, कोणी न मागता, कर्व्यांच्या घरी परत आला.

महिला विद्यापीठाचाही उल्लेख केला पाहिजे. १९१६ साली ते स्थापन झाले, तेव्हा विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. आणि विद्यापीठास नाव दिले ते आपल्या मातोश्री नाथीबाईंचे. एका पुत्राच्या मातृप्रेमामुळे एका स्त्रीचे नाव सहस्रावधी पदवीधर कन्यांच्या प्रमाणपत्रांवर कायम झाले.

बाया १९५० साली निवर्तल्या. अण्णासाहेबांस १९५८ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतरत्न हा सन्मान मिळाला आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशेचार वर्षांचे होऊन, त्यांनी देह ठेवला.

हा सर्व वृत्तान्त एकत्र मांडून पाहिला म्हणजे काय दिसते? एका मित्राचा स्नेह, एका भावाची माया, दोन बहिणींचे सख्य, सुनांचे जिव्हाळ्याचे साह्य, परक्या मुलीला दिलेले घर. या धाग्यांनी ते कार्य विणले गेले. हे धागे काढून घेतले असते तर आश्रम, विद्यालय आणि विद्यापीठ यांची केवळ नावेच उरली असती. यातील निम्मीअधिक माणसे कर्वे घराण्याच्या वंशवृक्षात बसतच नाहीत. नरहरपंत जोशी, पार्वतीबाई आठवले, रँग्लर परांजपे हे त्यांचे गणगोत होते; वंशज नव्हेत.

आणि हा विषय केवळ इतिहासजमा झाला, असेही कोणी समजू नये. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला मे २०२२ मध्ये विधवांसंबंधीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला, आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात तो कित्ता सर्व ग्रामपंचायतींपुढे ठेवला. म्हणजे त्या प्रथा तोवर जिवंत होत्या. आपल्या घरातील हळदीकुंकवास, मुंजीस, लग्नास विधवा काकू, आत्या, मावशी यांना आपण पुढे बोलावतो की त्या आपल्या आपणच मागे सरतात, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे. बहिष्काराचा ठराव सभेतच करावा लागतो असे नाही. तो माजघरात न बोलताही होतो.

यास्तव सभासद कुटुंबांस आमची एक नम्र विनंती आहे. आपापल्या घराण्याचा कुलवृत्तान्त उघडावा आणि ज्यांची नोंद एका ओळीत संपली आहे, त्या स्त्रियांविषयी घरातील वृद्धांस विचारावे. कोणत्या विधवा आत्याने पुतण्यांची शिक्षणे केली, कोणत्या निपुत्रिक काकाने गावातील मुलांना अक्षर शिकविले, कोणत्या मित्राने पडत्या काळात घर सावरले, ते लिहून ठेवावे. सांगणारी माणसे आज आहेत; उद्या असतीलच असे नाही. संघाच्या पुढील स्मरणिकेत अशा टिपणांस अवश्य स्थान मिळावे, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळास करीत आहोत.

वंश ईश्वरेच्छेने वाढतो वा खुंटतो. स्नेहाने जोडलेली माणसे मात्र आपल्या हाती असतात, आणि कर्व्यांच्या घराची साक्ष अशी की माणसाच्या पश्चात अखेर तीच उरतात. हिंगण्याच्या त्या झोपडीतील पहिल्या मुलींच्या नाती-पणती आज आपल्यांतच वावरत आहेत. कदाचित हा लेख वाचणाऱ्या एखाद्या भगिनीच्या पणजीनेही तेथेच पाटी हाती धरली असेल. तिने आपल्या घराण्याच्या पोथीत ते नाव तेवढे लिहावे, म्हणजे आमचे लिहिणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.