आरसा नसल्याचा फायदा

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसा नसल्याने लेन्सची मागची भिंगं फिल्मच्या अगदी जवळ नेता येत. म्हणूनच ३५ मिमीची लेन्स आटोपशीर राहूनही भरपूर उजेड घेऊ शकली. निकॉनने १९५६मध्ये एफ/१.८ आणली, कॅननने १९५८मध्ये एफ/१.५, तर १९६१च्या सुमारास लाइकाची एफ/१.४ समिलक्स आली. ही नुसती आकड्यांची चढाओढ होती, असा आक्षेप घेता येईल. १.८वरून १.५वर येताना उजेड दीडपटही वाढत नाही, हे खरंच. समिलक्स पूर्ण उघडली की दिव्यांभोवती धूसर वलयं उमटत, हेही नाकारता येत नाही. पण निकॉनच्याच जुन्या एफ/३.५च्या मानाने एफ/१.८ने जवळपास चौपट उजेड दिला. अंधुक खोलीत १/८ सेकंदाच्या जागी १/३० चालू लागला, म्हणजे स्टँड आणि फ्लॅशवाचून हातात धरून फोटो काढणं जमू लागलं. तेव्हा खरी झेप एफ/१.८चीच, पुढची वाढ त्यामानाने किरकोळ.