रेडवूडच्या सावलीतले नऊ होल

१/ कॅलिफोर्नियातील सोनोमा परगणा वाइनसाठी जगभर ओळखला जातो. तेथेच रशियन नदीच्या काठी, माँटे रिओ या लहानशा गावात नॉर्थवूड नावाचे गोल्फ मैदान आहे. होल अवघे नऊ; शुल्क भरेल त्याला प्रवेश. अशी मैदाने अमेरिकेत कितीतरी सापडतील. परंतु हे मैदान आखणाऱ्याचे नाव आहे ॲलिस्टर मॅकेन्झी.

२/ आधी नदीविषयी. १८१२ साली रशियन-अमेरिकन कंपनीने जवळच्या सागरकिनाऱ्यावर फोर्ट रॉस ही वसाहत उभारली आणि १८४१ मध्ये ती विकून टाकली. रशियन गेले, नाव राहिले. त्यापूर्वी कित्येक पिढ्या ही भूमी पोमो लोकांची होती. त्यांचे नाव मात्र नदीला मिळाले नाही.

३/ पुढे आली कुऱ्हाड. सॅन फ्रान्सिस्कोच्या घरबांधणीसाठी या खोऱ्यातील रेडवूडची इतकी तोड झाली की शेजारच्या गर्नविल गावाला ‘स्टंपटाउन’, म्हणजे बुंध्यांचे गाव, म्हणू लागले. बोहेमियातून आलेले कॉर्बेल बंधूही प्रथम लाकडाचेच व्यापारी. झाडे सरल्यावर त्यांनी त्या बुंध्यांमध्ये द्राक्षवेली लावल्या. खोऱ्यातील वाइनचा एक मोठा अध्याय असा जंगलतोडीतून सुरू झाला. रेडवूडचा गुण असा, की तोडलेल्या बुंध्याभोवती पुन्हा कोंब फुटतात. आज खोऱ्यात दिसणारे जंगल बव्हंशी या दुसऱ्या पिढीचे आहे.

४/ मैदान आखले गेले १९२८ साली, म्हणजे ऐन दारूबंदीत! १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत वाइन विकणे गुन्हा होता. घरच्या घरी काही प्रमाणात वाइन करण्याची मुभा मात्र राहिली, आणि त्या पळवाटेवर अनेक द्राक्षमळे तगले.

५/ मैदानामागे पुढाकार होता बोहेमियन क्लबच्या सदस्यांचा. (कॉर्बेल जन्माने बोहेमियन, हे केवळ नावाने.) १८७२ साली सॅन फ्रान्सिस्कोतील पत्रकार-कलावंतांनी स्थापलेला हा क्लब पुढे धनिक आणि राजकारण्यांचा झाला. त्यांचे वनविहाराचे ठिकाण, बोहेमियन ग्रोव्ह, नदीच्या पैलतीरावर आहे.

६/ मॅकेन्झी पेशाने ब्रिटिश डॉक्टर. बोअर युद्धात लष्करी शल्यविशारद. तेथे बोअरांची छद्मावरणाची कला त्याने पाहिली आणि तीच दृष्टी मैदानांच्या आखणीत आणली. मैदान दुबळ्या खेळाडूलाही आनंद देणारे हवे आणि चेंडू शोधण्याचा त्रास कोणाला होऊ नये, असे त्याने १९२० च्या पुस्तकात मांडले. नॉर्थवूडच्या उंच झाडांत चेंडू शिरला की या दुसऱ्या तत्त्वाचे काय होते, ते खेळणाऱ्यांनाच ठाऊक!

७/ १९२८ मध्येच त्याचे सायप्रस पॉइंट खुले झाले. त्यानंतर बॉबी जोन्ससोबत त्याने ऑगस्टा नॅशनल आखले. परंतु तेथील पहिल्या स्पर्धेआधीच, जानेवारी १९३४ मध्ये, सांताक्रूझ येथे त्याचे निधन झाले. ही दोन्ही विख्यात मैदाने आजही खासगी आहेत. त्याची आखणी पायाखाली अनुभवायची असेल, तर सामान्य खेळाडूसाठी नॉर्थवूडचे फाटक उघडे आहे. पैलतीरावरच्या ग्रोव्हमध्ये मात्र आजही आमंत्रणाशिवाय प्रवेश नाही.