शिकवायला कोण येणार?



स्मरणिकेसाठी आपल्या अभ्यासिकेवर लेख लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मला हसूच आले. मी सातवी पास बाई. भाकरी थापता येते, लेख कसा थापावा हे कोणी शिकविले नाही. पण त्या ऐकेनात. म्हणाल्या, "अभ्यासिकेचा जमाखर्च सर्वांना ठाऊक आहे. पूर्वी अशा कामाला शिकविणारी माणसे कशी मिळत आणि आज आपल्याला का मिळत नाहीत, एवढे शोधून लिहा." मग वाचनालयातून पुस्तके आणली, रात्री ओटा आवरल्यावर वाचली, अडले तेथे मुलीला विचारले. तिने मोबाईलवर पाहून सांगितले. जे समजले ते आपल्यापुढे ठेवते. चुकले असेल तर पदरात घ्या.

प्रथम घरची गोष्ट सांगते. आपल्या अभ्यासिकेत येणारी मुले विड्या वळणाऱ्या आयांची आणि मागावर राबणाऱ्या बापांची आहेत. पुष्कळांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कानडी, आणि शाळेत मराठी. मूल वर्गात बसते, वरच्या इयत्तेत जाते, पण वाचायला सांगितले की खाली पाहते. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यामुळे मुले शाळेत आली ही मोठीच गोष्ट. परंतु खेड्यापाड्यांतून २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होते. पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा धडा नीट वाचता येत नाही, असे ती पुन्हा पुन्हा सांगत आली आहे. आपल्या पूर्व भागातल्या गल्लीत याहून निराळे काही दिसत नाही.

अभ्यासिकेच्या उद्घाटनाला नारळ फुटला तेव्हा शिकवायला अकरा जणींनी नावे दिली होती. आज तिघी उरल्या आहेत. मुले मात्र वाढली आहेत. तेव्हा, शिकवायला कोण येणार, हा प्रश्न आपल्यापुढे उभा आहे.

हा प्रश्न आजचा नाही. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा जोतीराव फुल्यांपुढेही तोच होता. मुलींना शिकवायला कोण तयार होणार? त्यांनी शिक्षक शोधायला दूरचा रस्ता धरला नाही. आपल्या पत्नीला, सावित्रीबाईंना, त्यांनी घरीच शिकविले आणि शाळेत उभे केले. फातिमा शेख त्यांच्या सोबतीला आल्या. सावित्रीबाईंच्या अंगावर लोकांनी शेण आणि चिखल टाकला, हे आपण सर्वजणी जाणतो. पण त्या शाळेतून काय निघाले हे आपण कमी सांगतो. मुक्ता नावाची मातंग समाजातली मुलगी तेथे शिकली आणि आपल्या लोकांच्या दुःखावर तिने निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. त्याच वर्षी फुले पतिपत्नींनी कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याने दिवसा शाळेत यावे, असे त्यांनी म्हटले नाही. शाळाच त्यांनी रात्री नेली.

मुंबईतही असेच झाले. एल्फिन्स्टनमधल्या तरुण मंडळींनी १८४८ साली एक सभा स्थापन केली होती. पुढच्याच वर्षी त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. दादाभाई नौरोजी त्यांच्यापैकीच होते. आरंभी जवळ पैसा नव्हता, म्हणून हे तरुण आपला अभ्यास आणि नोकरी सांभाळून स्वतःच बिनपगारी शिकवीत. नाना शंकरशेट यांनी मराठी मुलींच्या शाळेला जागा दिली. ज्याच्याजवळ वेळ होता त्याने वेळ दिला, ज्याच्याजवळ वाडा होता त्याने जागा दिली. वर्गणी अशीही असते.

पुढे १९०६ साली विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत अस्पृश्य समाजाच्या मुलांसाठी मिशन काढले आणि परळला शाळा उघडली. तेथे कोण राबले? त्यांच्या भगिनी जनाबाई. पुन्हा घरचेच माणूस! मला वाटते, यात एक खूण आहे. फळ्यावर 'शिक्षक पाहिजेत' असे लिहून ठेवले म्हणजे शिक्षक येत नाही. ज्याने काम काढले, त्याने आधी आपल्या घरातले माणूस हाताला धरून आणले, तेव्हा शेजारचे दार उघडले.

सेवासदनाची हकीकत तर आपल्यासारख्यांनी मनात ठेवावी अशी आहे. पुण्यास १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी ते सुरू केले. संसारी बायकांना सकाळी स्वयंपाक आणि संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक, हे ओळखून तेथे वर्ग दुपारचे ठेवले. त्या दुपारच्या वर्गांतून कितीतरी बायका शिकल्या. त्यांतल्या पुष्कळ जणी, विशेषतः विधवा भगिनी, पुढे स्वतः शिक्षिका झाल्या. सेवासदनाची शाखा आपल्या सोलापुरातही निघाली आणि तिची शाळा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. मला यातून एवढेच समजले की, बाईला 'का येत नाहीस' असे विचारण्याआधी 'तुला केव्हा जमेल' असे विचारावे. आपण अभ्यासिकेची वेळ संध्याकाळी सहाची ठेवली. ज्या आठ जणी गळाल्या त्यांच्यापैकी किती जणींच्या घरी सहाला चुलीवर तवा असतो, याचा विचार आपण केला होता का?

सोलापूरकरांनी अभिमानाने सांगावी अशी आणखी एक गोष्ट आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिचे विद्यार्थी वसतिगृह ४ जानेवारी १९२५ रोजी निघाले ते आपल्या सोलापुरात. नगरपालिकेनेही त्यास अनुदान दिले. नुसते जेवण आणि निवारा देऊन सभा थांबली नाही. मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून प्रयत्न झाले आणि तेथील विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक काढले. ज्यांना कोणी पाटीला हात लावू देत नव्हते, त्यांची मुले मासिक काढू लागली. गड्ड्याच्या यात्रेची तयारी आपण जानेवारीत करतो, तेव्हा ही तारीखही आठवावी असे मला वाटते.

स्वातंत्र्यानंतर १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि ती पुढे राज्यभर पसरली. प्राथमिक शिक्षक आणि गावातले शिकलेले लोक रात्री कंदिलाच्या उजेडात प्रौढांना विनावेतन शिकवीत. गाव साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरव समारंभ होई. गावाने गावाला शिकविले, असे हे काम होते. पण पुढची बाजूही सांगितली पाहिजे. समारंभ झाला, हार घातले गेले, आणि पुष्कळ ठिकाणी वर्ग थांबले. वाचायला काही हाती राहिले नाही, तेव्हा शिकलेली अक्षरे विसरली गेली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले सुमारे ८२ टक्के लोक साक्षर निघाले. स्त्रिया मात्र सुमारे ७६ टक्के, म्हणजे चौघींतली एक अजून अंगठ्यावरच. आपल्या गल्लीत ती चौथी कोण, हे मी सांगायला नको.

कुंभारीला विडी कामगार भगिनींची दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली, ती गोदुताई परुळेकरांच्या नावाने. गोदुताई म्हणजे वारली बांधवांची कैवारीण, एवढे मला ठाऊक होते. त्या भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री-सभासद होत्या आणि वारली मुलखात जाण्यापूर्वी त्यांनी साक्षरतेचेही काम केले होते, हे आता वाचले. तेव्हा त्या नावाच्या वसाहतीतल्या आणि आपल्या गल्लीतल्या लेकरांना अक्षर न यावे, हे नावाला शोभत नाही.

आता मला सर्वांत जवळची वाटलेली हकीकत सांगते. मुंबईत 'प्रथम' या संस्थेने १९९० नंतरच्या काळात 'बालसखी' हा उपक्रम काढला. वस्तीतलीच मुलगी, साधारण दहावी शिकलेली, थोड्या दिवसांचे शिक्षण देऊन शाळेत पाठवायची. तिने मागे पडलेली पंधरावीस मुले बाजूला घेऊन रोज दोन तास शिकवायची. तिला थोडे मानधन असे. मुंबईत आणि बडोद्यात या कामाची पारख अर्थशास्त्रज्ञांनी केली आणि २००७ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांतले अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांना काय आढळले? मुले खरोखर पुढे गेली, आणि जी सर्वांत मागे होती त्यांना सर्वांत अधिक लाभ झाला. मोठ्या पदवीवाचून हे झाले! मात्र मुले त्या वर्गातून गेल्यावर वर्षभरात तो लाभ बराचसा ओसरला, हेही त्यांनी लिहिले. ग्राम शिक्षण मोहिमेने जे सांगितले तेच हे. शिकविणे हे रोजच्या विरजणासारखे आहे. एक दिवस लावून चालत नाही.

हे वाचले आणि माझी मलाच लाज वाटली. ती गोष्ट लिहावी की नाही, यावर मी दोन रात्री विचार केला. शेवटी लिहिते.

वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा माझी शाळा सातवीत सुटली. ती सल मी कोणास दाखवीत नाही. अभ्यासिकेसाठी नावे घेतली तेव्हा मी सतरंज्या झटकायचे, पाणी भरायचे काम मागून घेतले, शिकवायचे नाही. समोरच्या घरातली एक तिसरीतली पोर एकदा पुस्तक घेऊन माझ्या उंबऱ्यावर आली. "काकू, एवढं सांगा ना." मी म्हणाले, "बाळ, माझे गुडघे दुखतात, उद्या बाईंना विचार." गुडघे दुखत नव्हते. हिने एखादे गणित विचारले आणि मला आले नाही तर माझी सातवी उघडी पडेल, ही भीती होती. पोर परत गेली. पुढे अभ्यासिकेतही येईनाशी झाली. आईजवळ बसून विडीची पाने कातरू लागली. शाळेच्या पटावर नाव होते, एवढेच. तिने विचारले होते ते गणित नव्हतेच, दोन ओळींची कविता वाचून हवी होती, हे मला नंतर कळले.

या श्रावणात मी तिच्या घरी गेले. आईला म्हणाले, "मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी पोरीला माझ्याकडे पाठव. तू विड्या वळ, पाने मी तुला रात्री कातरून देईन." आई हसली आणि पोर आली. तिच्याबरोबर आणखी दोघे आले. मला तेलुगू गल्लीत खेळताना आलेले, तेवढेच. पण 'अ' म्हणजे 'अम्मा' असे सांगितले की पोरांचे डोळे चमकतात. गणित अडले तर मी सरळ सांगते, "मलाही येत नाही, चल, ताईला विचारू." मुलांना त्याचे काही वाटत नाही. लाज मोठ्यांना असते.

परवा ती पोर आपल्या आईचे विड्यांचा हिशेब लिहिलेले पुस्तक घेऊन आली आणि तारखांसह आकडे मला वाचून दाखवू लागली. मी विचारले, "आईला वाचून दाखवलेस का?" म्हणाली, "रोज दाखवते. आता अम्मा मलाच विचारते." एवढी वर्षे ती माउली दुसऱ्याने सांगितलेला आकडा ऐकून घेत होती.

भगिनींनो, म्हणून माझे मागणे असे. यंदा नावे मागताना कागद फिरवू नये. प्रत्येकीने आपल्या घरातले एक माणूस, नणंद, सून, कॉलेजात जाणारा मुलगा, हाताला धरून आणावे. वेळ शिकविणारीने सांगावी. दुपारची असो वा रात्री नऊची. आठवड्याचे दोनच दिवस द्यावेत, पण ते वर्षभर मोडू नयेत. ज्यांना तेलुगू, कानडी येते त्यांनी तर मागे राहूच नये. त्यांची तर खरी गरज आहे. आणि माझ्यासारख्या सातवी झालेल्यांनी गुडघे दुखतात असे सांगू नये.

वर्धापनदिनाच्या हळदीकुंकवाला याल तेव्हा दाराशी मी वही घेऊन बसलेली असेन. वाण घेण्याआधी नाव लिहावे, एवढी विनंती करून लेखणी खाली ठेवते.